‘हरले ना? मग उपयोग काय?’: टेले सांताना आणि निकालाच्या पुजाऱ्यांना उत्तर

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की कोल्हापूरच्या पेठांत आणि गोव्याच्या गावांत ब्राझीलचे पिवळे झेंडे लागतात. ब्राझीलने कप कधी कधी जिंकला हे शाळकरी पोरसुद्धा सांगते: १९५८, १९६२, १९७०, १९९४, २००२. पण फुटबॉल मुरलेल्या जुन्या माणसाला ब्राझीलविषयी बोलते केले, की तो या यादीत फार वेळ रमत नाही. तो १९८२ वर येतो. त्या वर्षी ब्राझील उपांत्य फेरीतही पोचला नव्हता. तरी सॉक्रेटिस, झिको, फाल्काओ, सेरेझो, ज्युनियर, एडर ही नावे तो घरच्या माणसांसारखी घेतो. आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचे नाव घेतो: टेले सांताना.

इथे कुणीतरी शहाणा मध्ये तोंड घालतोच. ‘सुंदर खेळले, पण हरले ना? मग उपयोग काय?’

हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. आमच्या मते तो व्यवहारी नाही, तो एका विचारसरणीचा प्रश्न आहे. जो जिंकला तोच बरोबर, जो हरला त्याचे सगळेच चूक, आणि कसे जिंकले हे विचारायचे नाही, अशी ती विचारसरणी आहे. ती मैदानापुरती राहत नाही. निवडणुकीत, बाजारात, परीक्षेत, कचेरीत तीच भाषा ऐकू येते. म्हणून एका ब्राझिलियन प्रशिक्षकाची बाजू घेऊन तिचा समाचार घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी वस्तुस्थिती पाहू. ५ जुलै १९८२, बार्सिलोनातील सारिया स्टेडियम. ब्राझील विरुद्ध इटली. ब्राझीलला पुढे जायला फक्त बरोबरी पुरेशी होती. तोवर ब्राझीलने सोव्हिएत संघाला २-१, स्कॉटलंडला ४-१, न्यूझीलंडला ४-० आणि अर्जेंटिनाला ३-१ असे हरवले होते. इटलीने पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले होते. पाचव्या मिनिटाला पाओलो रॉसीने गोल केला. बाराव्या मिनिटाला सॉक्रेटिसने फेडला. पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा रॉसी. अडुसष्टाव्या मिनिटाला फाल्काओने बरोबरी केली. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला रॉसीचा तिसरा गोल. ३-२. ब्राझील घरी गेला आणि इटली पुढे जाऊन विश्वविजेता झाला.

या सामन्यावरून जगभरच्या पंडितांनी एक निष्कर्ष काढला: शैलीने ब्राझीलला बुडवले. बरोबरी हातात असताना मागे बसायला हवे होते, टेले यांनी हट्टाने हल्ला चालू ठेवला, म्हणून हरले. चाळीस वर्षे हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगितले गेले, आणि सांगून सांगून ते खरे वाटू लागले. आता ते तीन गोल नीट तपासा. पहिला गोल क्रॉसवर झाला, रॉसीला कुणी धरले नव्हते. दुसरा सेरेझोच्या चुकीच्या आडव्या पासवर झाला. तिसरा कॉर्नरवर झाला, आणि त्या क्षणी ब्राझीलचा जवळजवळ अख्खा संघ आपल्याच बॉक्समध्ये बचावाला उभा होता. म्हणजे ज्या गोलाने ब्राझील बाहेर पडला, तो गोल हल्ला करायला गेलेल्या संघाची पाठ उघडी पडल्यामुळे झालेला नाही. मार्किंगमधल्या चुका आणि एक खराब पास यांनी ब्राझील हरला. अशा चुका बचावात्मक संघही करतात. इटलीचेही श्रेय आम्ही हिरावून घेत नाही. रॉसीने तीन संधी साधल्या आणि शेवटच्या मिनिटांत ऑस्करचे हेडर चाळिशीतल्या दिनो झॉफने रेषेवर अडवले. इटली त्या दिवशी चांगला खेळला. पण ‘इटली चांगला खेळला’ आणि ‘टेले यांचा विचार चुकीचा ठरला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

आता मुळाशी जाऊ. ज्या शैलीला हे लोक चैन म्हणतात, ती आली कुठून?

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. त्यानंतर काही वर्षांतच इंग्रजांच्या आणि सुखवस्तू गोऱ्यांच्या क्लबांतून फुटबॉल तिथे रुजला. काळ्यांना, मिश्रवर्णीयांना, हमालांना, कामगारांना त्या क्लबांचे दरवाजे बंद होते. १९२३ मध्ये वास्को द गामा या क्लबने काळे, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे कामगार एकत्र घेऊन रिओची स्पर्धा जिंकली. प्रस्थापित क्लबांचे पोट दुखले. त्यांनी १९२४ मध्ये वेगळी संघटना काढली आणि वास्कोला सांगितले, तुमचे बारा खेळाडू काढा, मग या. कारण काय दिले? या खेळाडूंना धड नोकरीधंदा नाही, लिहिता-वाचता येत नाही. चेंडू पायाने खेळायचा आणि परीक्षा सहीची! वास्कोच्या अध्यक्षांनी ७ एप्रिल १९२४ ला पत्र लिहून खेळाडू काढायला नकार दिला. नियम लिहिणारेच जेव्हा ‘निकाल मान्य करा’ म्हणतात, तेव्हा हा प्रसंग आठवावा. ज्या दिवशी निकाल त्यांच्या विरोधात गेला, त्या दिवशी त्यांनी निकाल मानला नाही. त्यांनी स्पर्धाच बदलली.

मैदानात पाऊल ठेवायला मिळाले तरी काळ्या खेळाडूची सुटका नव्हती. डोमिंगोस दा गिया हा ब्राझीलचा मोठा बचावपटू. फाउल केल्याबद्दल काळ्या खेळाडूंना मैदानातच मार खाताना आपण लहानपणी पाहिले, म्हणून खेळायची भीती वाटायची, असे त्याने पुढे सांगितले. अंगाला अंग न लावता निसटायचे, कमरेच्या एका हेलकाव्याने समोरच्याला चुकवायचे, ही कला तो अशा भीतीतून शिकला. जिथे धक्का दिला तर मार आणि धक्का बसला तर शिट्टी नाही, तिथे धक्क्याविना खेळण्याची विद्या तयार झाली. जगाने तिला नंतर ‘ब्राझिलियन शैली’ म्हणून डोक्यावर घेतले. ही शैली दरवाजाबाहेर ठेवलेल्या माणसांनी जगण्यासाठी घडवलेले हत्यार होते. तिला चैन म्हणणे हा इतिहासाचा अपमान आहे.

मात्र इथे एक दुसरा खड्डा आहे आणि त्यातही आम्ही पडणार नाही. ‘काळ्यांच्या रक्तातच नाच असतो, त्यांना फुटबॉल शिकवावा लागत नाही’ असे कौतुकाने म्हणणारे पुष्कळ आहेत. हे कौतुक विषारी आहे. कौशल्य जन्माने येते असे एकदा मानले, की दुसऱ्याच वाक्यात ‘विचार करणे मात्र त्यांना जमत नाही’ हे येते. जन्मावरून गुण आणि गुणावरून जागा ठरवण्याचा डाव आम्हाला चांगलाच ओळखीचा आहे. टेले सांताना यांचे सगळे काम या समजुतीला उत्तर आहे. ते सरावाचे कठोर पुरस्कर्ते होते. साओ पावलो क्लबमध्ये असताना ते क्लबच्या सराव केंद्रातच राहायचे. मैदानावरचे गवत नीट आहे की नाही हे स्वतः बघायचे, कारण गवत खराब असेल तर चेंडू सरळ जात नाही आणि पास देणाऱ्या संघाचे नुकसान होते. तरुण काफूकडून त्यांनी क्रॉस मारण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला. तोच काफू २००२ मध्ये विश्वविजेत्या ब्राझीलचा कर्णधार होता. सौंदर्य आकाशातून पडत नाही, ते घाम गाळून मिळवावे लागते आणि म्हणूनच ते कुणालाही मिळवता येते, हा टेले यांचा धडा आहे. याहून लोकशाहीवादी विचार फुटबॉलमध्ये दुसरा कोणता आहे?

काळाचा संदर्भही विसरता येत नाही. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. १९७० चा विजय त्या राजवटीने आपल्या जाहिरातीसाठी वापरला. १९७८ च्या संघाचा प्रशिक्षक क्लाउडिओ कुटिन्यो लष्करात कॅप्टन होता आणि फुटबॉल महासंघाचा प्रमुख नौदलातला अ‍ॅडमिरल. शिस्त, ताकद, शारीरिक तयारी हेच मंत्र होते. १९८० मध्ये टेले आले आणि त्यांनी चेंडू पुन्हा विचार करणाऱ्या पायांकडे दिला. त्यांचा कर्णधार सॉक्रेटिस हा शिकलेला डॉक्टर. त्याच काळात कोरिंथियन्स क्लबमध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी क्लबचे निर्णय मतदानाने घ्यायची पद्धत सुरू केली. खेळाडूपासून कपडे सांभाळणाऱ्या माणसापर्यंत प्रत्येकाला एक मत. नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीआधी त्यांच्या शर्टांच्या पाठीवर लोकांना मतदानाचे आवाहन छापले होते. टेले स्वतः पुढारी नव्हते, भाषणे देत नव्हते. पण हुकूम पाळणारे अकरा शिपाई उभे करण्याऐवजी त्यांनी मैदानावर स्वतः निर्णय घेणारी अकरा माणसे उभी केली. हुकूमशाहीच्या शेवटच्या वर्षांत लोकांना त्या संघात काय दिसले असेल, हे समजायला फार मोठा अभ्यास लागत नाही.

आता साधनांचा प्रश्न. टेले यांचा सर्वांत मोठा ‘गुन्हा’ हल्ला करणे हा नव्हता. फाउल करायला सांगत नाहीत, हा होता. प्रतिस्पर्ध्याला पाडून जिंकण्यापेक्षा हरलेले बरे, असे ते उघडपणे म्हणत. क्लबचे मालक आणि इतर प्रशिक्षक खेळाडूंना लाथा घालायला शिकवतात, यावर त्यांनी वर्षानुवर्षे टीका केली. लोक त्यांना भाबडे म्हणाले. भाबडेपणा कशाला म्हणायचे? कुशल खेळाडूला ठरवून पाडणे म्हणजे काय, याचा विचार करा. एखाद्याने कष्टाने कमावलेले कौशल्य वापरण्याची संधीच त्याला मिळू द्यायची नाही, असा तो डाव आहे. असा डाव कायम बलवानाच्या फायद्याचा असतो. नियमांची धूळफेक करून जिंकणे दुबळ्याला परवडत नाही, कारण त्याच्याकडे नियमाखेरीज दुसरे संरक्षण नसते. म्हणून स्वच्छ खेळाचा आग्रह ही सज्जनांची हौस नसते, ती दुबळ्यांची गरज असते. जे ‘साधने कशीही असोत, निकाल हवा’ म्हणतात, त्यांच्या हातात आधीच काठी असते.

निकालाची पूजा माणसाचे काय करते, हे बघायला मोआसिर बार्बोसाकडे पाहा. १९५० च्या विश्वचषकात माराकानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ हरवले. अख्ख्या देशाने दोष कुणाच्या माथी मारला? गोलरक्षक बार्बोसाच्या, आणि त्याच्यासोबत बिगोदे व जुवेनाल या बचावपटूंच्या. तिघेही काळे. बार्बोसा एप्रिल २००० मध्ये वारला. पन्नास वर्षे त्याने ती शिक्षा भोगली. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी तर त्याहून जास्त भोगली, अशी खंत तो बोलून दाखवायचा. एका गोलासाठी! निकाल हेच सत्य मानले की पराभवाला गुन्हेगार लागतो, आणि गुन्हेगार नेहमी तोच सापडतो जो आधीपासून संशयित आहे.

आता याच्याशेजारी टोनिन्यो सेरेझो ठेवा. १९८२ मध्ये ज्याच्या पासवरून इटलीचा दुसरा गोल झाला, तोच सेरेझो. टेले यांनी त्याला बळी दिले नाही. पुढे साओ पावलोमध्ये तो पुन्हा टेले यांच्या हाताखाली खेळला. १२ डिसेंबर १९९३ ला टोकियोत साओ पावलोने एसी मिलानला ३-२ असे हरवून आंतरखंडीय चषक जिंकला, त्या तीन गोलांपैकी एक सेरेझोचा होता. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. समोरचा संघ इटलीचा होता आणि गुणफलकही तोच, फक्त उलटा. चुकलेल्या माणसाला माणूस म्हणून वागवणे आणि त्याला पुन्हा उभे राहायला जागा देणे, हाही शैलीचाच भाग आहे. शैली पायातच असते असे नाही, ती वागण्यात असते.

काही मित्र आक्षेप घेतील: मग सेझार लुईस मेनोत्तीचे काय? तोही सुंदर फुटबॉलचा पुरस्कर्ता, विचाराने डावा. पण त्याच्या अर्जेंटिनाने १९७८ चा कप हुकूमशहा व्हिदेलाच्या राजवटीत जिंकला. अंतिम सामना झाला त्या मोन्युमेंटल स्टेडियमपासून थोड्याच अंतरावर नौदलाची ती शाळा होती, जिथे माणसांचा छळ चालू होता. सौंदर्याने तिथे काय केले? आक्षेप रास्त आहे आणि आम्ही तो टाळत नाही. सुंदर खेळ आपोआप न्याय्य होत नाही. सत्ताधारी सौंदर्यही वापरतात. पण नीट पाहा, व्हिदेलाला त्या संघाकडून काय हवे होते? त्याला कप हवा होता. छायाचित्रात हातात धरता येईल असा निकाल हवा होता. हुकूमशहाला खेळ लागत नाही, विजय लागतो. मेनोत्तीचे उदाहरण निकालाच्या पुजाऱ्यांना सोडवत नाही, उलट त्यांनाच अडकवते.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. ‘पोट भरलेल्यांनी सौंदर्याच्या गप्पा माराव्यात, पिढ्यान्‌पिढ्या हरलेल्यांना आधी जिंकू द्या.’ हे म्हणणाऱ्यांची तळमळ आम्हाला कळते. जिंकणे हवेच. टेले यांनाही जिंकायचेच होते. हरण्यात गोडी मानणाऱ्या हळव्या रसिकांच्या पंगतीत त्यांना बसवणे चूक आहे. विश्वचषकात त्यांच्या हाताखाली ब्राझील दहा सामने खेळला: आठ जिंकले, एक हरला, एक बरोबरीत सुटला. तो बरोबरीचा सामना १९८६ मधला फ्रान्सविरुद्धचा, पेनल्टींवर गेलेला. म्हणजे दुसऱ्या विश्वचषकातून टेले एकही सामना न हरता बाहेर पडले. पण प्रश्न असा आहे, की जिंकून तुम्ही काय व्हायचे ठरवले आहे? ज्यांनी तुम्हाला बाहेर ठेवले त्यांच्यासारखेच पाडापाडी करून, नियम वाकवून, दुबळ्याला चिरडून जिंकलात, तर खुर्चीवरचा माणूस बदलला, खुर्ची तीच राहिली. वास्कोच्या त्या बारा खेळाडूंनी प्रस्थापितांच्या खेळात फक्त जागा मागितली नव्हती. त्यांच्यामुळे तो खेळच बदलला. वंचितांचा विजय तेव्हाच पूर्ण होतो जेव्हा जिंकण्याची रीतही बदलते.

‘पण टेलेंनी शेवटी काय जिंकले?’ असे विचारणाऱ्यांसाठी यादी आहे. १९७१ मध्ये अत्लेतिको मिनेइरोसह ब्राझीलचे राष्ट्रीय विजेतेपद. १९९१ मध्ये साओ पावलोसह पुन्हा तेच. १९९२ आणि १९९३ मध्ये लागोपाठ दोनदा दक्षिण अमेरिकेचा कोपा लिबर्तादोरेस. १९९२ मध्ये टोकियोत योहान क्रॉयफच्या बार्सिलोनाला २-१ हरवून आंतरखंडीय चषक, दोन्ही गोल राईचे, सॉक्रेटिसच्या धाकट्या भावाचे. पुढच्या वर्षी मिलान. एवढे पुरे आहे. तरीही या यादीच्या जोरावर आम्ही वाद जिंकू इच्छित नाही. तसे केले तर ‘बघा, शेवटी चषकच मोजावे लागले’ म्हणून हेच लोक टाळ्या पिटतील. हे चषक नसते तरी आमचे म्हणणे तेच राहिले असते. सारियातल्या पराभवानंतर टेले पत्रकार परिषदेला आले तेव्हा जगभरच्या पत्रकारांनी टाळ्या वाजवल्या. तोवर यातला एकही आंतरराष्ट्रीय चषक त्यांच्या नावावर नव्हता.

आम्हाला टेले यांचा पुतळा उभारायचा नाही. ते हट्टी होते, कडक होते. १९८६ च्या विश्वचषकापूर्वी रात्री बाहेर राहिल्याबद्दल त्यांनी रेनातोला संघाबाहेर काढले, आणि मित्रासाठी लिआंद्रोनेही संघ सोडला. खेळाडूंना मोकळेपणाने खेळू देणारा प्रशिक्षक मैदानाबाहेर त्यांच्यावर पहारा ठेवत होता, ही विसंगती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. माणूस पूजण्यासाठी नसतो. त्याचा विचार तपासून घेण्यासाठी असतो. तपासल्यावर जे टिकते, ते घ्यायचे.

टेले यांच्यानंतर ब्राझीलने काय केले? ‘शहाणपणा’ शिकला. १९९४ मध्ये अंतिम सामना ०-० राहिला आणि पेनल्टींवर कप आला. तो कप खरा आहे, चोवीस वर्षांनी मिळालेला आहे, आम्ही तो नाकारत नाही. पण निकाल हेच सत्य असेल तर २०१४ चा निकालही वाचा. घरच्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध ब्राझीलने ३१ फाउल करून सामना जिंकला. साध्य मिळाले, साधन कुणी विचारले नाही. चारच दिवसांनी, ८ जुलैला, बेलो होरिझोन्तेत जर्मनीने ब्राझीलला ७-१ ने तुडवले. ज्या राज्यात टेले जन्मले आणि ज्या शहरात २१ एप्रिल २००६ ला वारले, तेच ते शहर. फाउल करून उपांत्य फेरी गाठता येते. पण चेंडू खेळायची वेळ येते तेव्हा पायात काही असावे लागते.

सारियात हरलेला संघ आजही शिकवला जातो, पाहिला जातो, त्यावर भांडणे होतात. २०१४ च्या त्या ‘जिंकलेल्या’ उपउपांत्य सामन्याची आठवण कुणाला आनंदाने येते? निकाल सामना संपला की कागदावर जातो. रीत माणसांत उरते, पुढच्या पोरांच्या पायात उतरते. म्हणून यापुढे कुणी ‘हरले ना? मग उपयोग काय?’ असे विचारले, की त्याला उलट विचारा: तू जिंकलास ते कसे जिंकलास? आणि कुणाला पाडून?